मागच्या पायडलवरचे बूट

१

ऑक्ताव्हला कुणी विचारलं असतं, बाबा रे, तू देव मानतोस का, तर त्यानं आधी विचारणाऱ्याच्या टाळूकडे बघितलं असतं आणि मग सांगितलं असतं, "देवाचं नंतर बघू, आधी हे झाकू कसं ते ठरव." उभा जन्म न्हावीकामात गेलेला माणूस. अख्ख्या गावाची टकलं त्याच्या डोळ्यांदेखत उगवली. अशा माणसाची श्रद्धा कशावर बसत नाही, बसली तरी टिकत नाही.

पण त्याची बायको सोलांज सॅलडची पानं धुता धुता नळाखाली कोसळली आणि शहरातल्या इस्पितळात डोळे मिटून पडली, ती पडलीच. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आता वाट बघणं हे काम ऑक्ताव्हला येत नव्हतं. न्हाव्याकडे वाट गिऱ्हाईक बघतं.

शेजारची बेर्त कुंपणावरून बोलली. बेर्त म्हणजे गावच्या देवळातली फुलं बदलणारी, आणि त्या निमित्तानं सगळ्यांची पापं मोजणारी बाई. "तिच्या नावानं मोंला जाऊन ये."

मों म्हणजे मों-सें-मिशेल. समुद्राच्या वाळूत उभा असलेला खडक आणि त्याच्या डोक्यावर सेंट मिशेलचं देऊळ.

"मी? मला बघून सेंट मिशेल आतून कडी लावेल."

"तुला कोण बघतंय मेल्या? आजाऱ्याला जाता येत नसलं की दुसऱ्यानं त्याच्या नावानं जायचं, असंच चालत आलंय. फक्त तिच्या अंगावरचं काहीतरी ने. आणि ते पिशवीत कोंबू नकोस. वाट तिलाही घडली पाहिजे."

"घडली पाहिजे म्हणजे काय करू?"

"मला काय माहीत! माझी आई मावशीसाठी गेली, ती मावशीच्या सपाता घालून गेली."

सोलांजची पावलं पोरीसारखी लहान. ऑक्ताव्हची म्हणजे भट्टीतून पाव काढायची फावडी. तिचे बूट तो घालणार कुठे? पण घरात जोडसायकल होती. दोघांची, एकामागे एक बसायची. दुकान बंद केलं तेव्हा मोंला जायचं म्हणूनच घेतली होती. मग एका वर्षी सफरचंदं उतरवायची राहिली, एका वर्षी लेकीचा घटस्फोट आला, एका वर्षी याचाच खुबा. सायकल भिंतीला टेकून म्हातारी झाली.

ऑक्ताव्हनं सोलांजचे सायकलीचे बूट काढले, पुसले, मागच्या पायडलांवर ठेवले आणि चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधले. पुढचं पायडल फिरलं की मागचं फिरणार, बूट फिरणार, वाट घडणार. स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला की बेर्तला दाखवायला सायकल कुंपणापर्यंत ढकलत घेऊन गेला.

तिथे त्यानं पुढचं पायडल हातानं फिरवलं. बेर्तनं रिकामे बूट फिरताना बघितले. नेहमी काहीतरी टोचून बोलणारी ती बाई घरात निघून गेली.

२

मोंला जाणारी ती वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. गाड्या बंद पडल्या, रूळ उखडले, खडी दाबून सपाट केली. मोटारीला मज्जाव. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, त्यांच्यापलीकडे पेअरची झाडं, झाडांखाली गायी. गायी माणसाकडे बघतात ते तुम्ही पाहिलं असेल. ऑक्ताव्हच्या मते सगळ्या त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांसारख्या दिसत होत्या, फक्त केस जास्त.

शांतता अशी की स्वतःच्या साखळीचा आवाज कानात बसावा. टक, टक, टक. आणि त्याच्यामागे थोड्या वेळानं, किर्र.

मागच्या खोगिराचं चामडं. सोलांज बसली की ते असंच वाजायचं. "ऊन," ऑक्ताव्ह म्हणाला. "चामडं तापलं."

ऊन नव्हतं. ढग होते. "मग दमट हवा," तो म्हणाला. माणसाला कारण हवं असलं की हवामान कधी नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सायकल फार चांगली चालत होती. दोघांचं लोखंड, ओढणारा एक म्हातारा, त्यात खुबा दुखरा. दुपारपर्यंत त्याची जीभ चाकात अडकायला हवी होती. त्याऐवजी तो शीळ घालत होता. चढाला घालत होता! मागून वारा असणार, त्यानं ठरवलं. वारा समुद्राकडून येत होता, तोंडावर, टोपी उडेल एवढा. ऑक्ताव्हनं टोपी खिशात घातली आणि वाऱ्याचा विषय बंद केला.

संध्याकाळी तो जुन्या स्टेशनात उतरला. तिथे क्लोतिल्द नावाची विधवा मुक्कामाला खोल्या द्यायची. तिनं सायकल बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"दोघांची सायकल, माणूस एक. बायकोला कुठल्या खड्ड्यात टाकून आलात, मस्यो?"

"खड्ड्यात नाही, तिकिटघरात ठेवलीय. उद्या नेतो."

"मग आधी दोन ताटं कशाला मांडायला लावली?"

"मी? मी कधी?"

"तुम्हीच ना ओरडलात वळणावरून, 'आलो आम्ही' म्हणून!" क्लोतिल्द हसली. ऑक्ताव्हपण हसला. ओरडला असेल. जोडसायकलवर पुढच्यानं सगळं ओरडून सांगायचं असतं. मागच्याला रस्ता दिसत नाही, समोर फक्त पाठ दिसते. जुनी सवय.

रात्री दव पडेल म्हणून त्यानं बूट सोडले आणि खोलीत घेतले. पायांजवळ ठेवताना बोट आत गेलं. आतलं अस्तर ओलं होतं. दव, तो म्हणाला.

पण दव गार असतं. हे कोमट होतं.

३

लेकीचा, नादेजचा, फोन आला तेव्हा तो सूप पीत होता.

"पप्पा, एक विचित्र झालंय. आईच्या टाचेला फोड आलाय."

"कसला फोड?"

"नवा बूट चावल्यावर येतो ना, तसा. दोन्ही टाचांना. नर्स म्हणते चादर घासली. मी म्हटलं, चादरीला काय नाल ठोकलेत?"

"तुझी आई लहानपणापासून नाजूक."

"पप्पा, ऐका तरी! ती पाय हलवत होती. सकाळपासून. कुत्रं झोपेत पळतं बघा, तशी. एक पाय, मग दुसरा. डॉक्टर खूश आहेत. म्हणतात चांगली खूण आहे, मेंदू जागा होतोय."

ऑक्ताव्हनं चमचा खाली ठेवला. "आता हलतायत?"

"आता नाही. मघाशी थांबले. संध्याकाळची मी कॉफी आणायला गेले ना, तेव्हा."

ती वेळ त्याला विचारायची नव्हती. तरी विचारली. मग त्यानं खिडकीतून बाहेर, भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे बघितलं.

"पप्पा? तुम्ही हसताय का?"

तो खरंच हसत होता. रडू आलं की न्हाव्यानं हसायचं असतं, हातात वस्तरा असतो.

४

शाळेत विज्ञानाच्या तासाला ऑक्ताव्हनं आयुष्यात एकच प्रयोग केला होता, आणि त्यात मास्तर खुर्चीला चिकटले होते. हा दुसरा.

सकाळी बूट पुन्हा पायडलांवर बांधले, फोन हँडलला लटकवला. "नादेज, आईच्या पायांवर लक्ष ठेव. मी बोलेन तेव्हा सांगायचं."

"तुम्ही नक्की ठीक आहात ना?"

"ठीक असतो तर या वयात सायकलवर बसलो असतो? सांग."

तो निघाला. "हलायला लागले," नादेज म्हणाली. तो थांबला. "थांबले." निघाला. "पप्पा..." लेकीचा आवाज एकदम लहान झाला. "पप्पा, हे तुम्ही करताय?"

"मी नाही गं. आम्ही दोघं."

ती सकाळ कशी गेली म्हणून सांगू! म्हातारा बोलत सुटला. बेर्तचा गुडघा, पाद्रीबुवांचा टोप, सफरचंदांचं काय करायचं, सगळं मागे वळून न बघता, वाऱ्याला ऐकवल्यासारखं. पुढे खाच दिसली की ओरडायचा, "खड्डा!" आणि मागे चामडं किर्र करायचं, कुणी बूड उचलावं तसं. मग खाच गेली की पुन्हा किर्र. ऑक्ताव्हचे डोळे वाहत होते. इतकी वर्षं लांबवलेली यात्रा शेवटी दोघं मिळून करत होते. मोंला पोचलं की सोलांज डोळे उघडणार. त्याला आता शंका उरली नव्हती.

"सोलांज, जोर जरा कमी लाव," तो म्हणाला. "तुझी हौस कळली."

जोर वाढला.

नादेजचा फोन पुन्हा आला तेव्हा तिच्या मागे यंत्रांचे आवाज होते. "पप्पा, थांबा तुम्ही. तिचं काळीज सकाळपासून जिना चढल्यासारखं धावतंय. झोपेचं औषध दिलं तरी पाय थांबत नाहीत. पोटऱ्या बघा तिच्या, कालपेक्षा निम्म्या झाल्यात. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर..."

"तर काय?"

"झिजून जाईल, पप्पा."

ऑक्ताव्हनं दोन्ही ब्रेक दाबले. पाय जमिनीला टेकवले.  फोनमध्ये एक लांब, एकसुरी शिट्टी सुरू झाली, पळापळ ऐकू आली, आणि नादेज किंचाळली, "श्वास थांबलाय! काय केलंत? पप्पा, काय केलंत?"

म्हातारा कसा पुन्हा खोगिरावर चढला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पायडल फिरलं. दुसऱ्यांदा फिरलं. शिट्टी तुटली.

"आला," नादेज रडत म्हणाली. "आला श्वास. थांबू नका."

५

तर असं. सकाळपर्यंत तो थांबला की नुसते तिचे पाय थांबायचे; आता थांबला तर मरते, चालला तर झिजते. आता शहाण्यांनी सांगावं काय करायचं ते.

ऑक्ताव्ह हळू जायला लागला. जितकं हळू जाता येईल तितकं, पडणार नाही एवढंच. पण हळू जाणंही त्याच्या हातात नव्हतं. त्याचे पाय पायडलावर होते, पायडल त्याचे पाय नेत होतं. कुंपणं संपली. पाणथळ गवत लागलं, खारं, मेंढरांनी कातरलेलं. आणि त्याच्या टोकाला धुक्यात मों दिसला. लोक हा खडक पहिल्यांदा दिसला की गुडघे टेकतात. ऑक्ताव्हला तो जवळ यायलाच नको होता. वाट तिथे संपत होती. संपल्यावर काय फिरवायचं?

गुडघ्यात आग पेटली होती. शेवटी समुद्र अडवणाऱ्या बांधाजवळ त्यानं असं केलं: उडी मारून उतरला, सायकल मागच्या चाकाच्या उंच स्टँडवर चढवली आणि श्वास घ्यायच्या आत हातानं पायडल फिरवायला लागला. फोनमध्ये यंत्र टिकटिकत राहिलं. चाललं. हातानंही चालत होतं!

वाटेकडेला ओणवा झालेला म्हातारा, जागच्या जागी सायकल फिरवतोय. मेंढरं घेऊन चाललेला धनगर थबकला.

"काय हो बाबा, आइस्क्रीम काढताय?"

"हो. खारं आहे, देऊ का?"

"नको, माझी मेंढरं तेच खातात." धनगर हसून पुढे झाला, आणि मागच्या चाकाच्या बाजूनं जाताना त्याचा कुत्रा अचानक पोटावर बसला. उठेना. धनगरानं त्याला मानगुटीला धरून ओढत नेलं. वळून मात्र बघितलं नाही.

ऑक्ताव्ह फिरवत राहिला आणि विचार करत राहिला. विचार हा त्याचा धंदा नव्हता, पण सायकल त्याला कळत होती. दोन्ही पायडलांना साखळी एकच. एकानं मारलं की दोघांचे पाय फिरतात. आणि कोण जोर लावतंय, कोण फरफटतंय, हे जोडसायकलवर बसलेल्याला कधीच सांगता येत नाही. दोन दिवस तो समजत होता, सोलांज पायडल मारतेय. पण टाचेला फोड मारणाऱ्याच्या येतो का? फोड फरफटणाऱ्याच्या येतो.

 त्यानं हात थांबू दिला नाही. फिरवता फिरवता दुसऱ्या हातानं त्यानं मागच्या पायडलाचा पट्टा चाचपडला. फिरत्या पायडलावरचा पट्टा सोडायचा म्हणजे हलत्या डोक्याचं पोर भादरण्यासारखं. ते त्याला येत होतं. एक बूट निघाला, गवतात पडला. मग हात बदलला. दुसरा निघाला.

"नादेज?"

 टिकटिक चालू होती. शांत, सावकाश, दुपारी झोपलेल्या घरातल्या घड्याळासारखी.

"नादेज, बोल ना गं!"

"पाय थांबलेत," ती कुजबुजली. "श्वास चालू आहे. पप्पा... आईनं डोळे उघडले."

६

ऑक्ताव्ह गवतात बसला. किती वेळ हुंदके देत होता कुणास ठाऊक. मेंढरं दूर गेली होती. खारा वारा होता. नादेज म्हणत होती, "बोला, ती ऐकतेय, मी फोन तिच्या कानाला लावते."

"सोलांज?"

"किती हाका मारल्या मी." आवाज काडीसारखा झाला होता, पण तिचाच. "एकदासुद्धा वळून बघितलं नाही."

"मला ऐकू नाही आल्या, राणी. वारा होता."

"तुला कुठे मारल्या? तू नंतर दिसलास, खूप पुढे. माझ्यासमोर दुसराच बसला होता." ती दमली, थांबली. "आधी वाटलं तूच. मग मान दिसली."

"कसली मान?"

"नको," सोलांज म्हणाली. "घरी ये तू. आत्ता ये."

"येतो," ऑक्ताव्ह म्हणाला. "हा निघालोच."

त्यानं मान वर केली आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की टक, टक, टक हा आवाज यंत्राचा नाही.

सायकल स्टँडवर होती. त्यानं हात कधीच सोडला होता. चाक आपल्या वेगानं थोडं फिरत राहिलं असतं तर समजण्यासारखं होतं. चाकाला फ्रीव्हील असतं, पायडल थांबलं तरी ते मोकळं फिरेल. पायडल का फिरावं? पुढचं फिरत होतं, मागचं फिरत होतं, एका चालीत, घाई नाही. आणि मागचे पट्टे त्यानं स्वतः मोकळे सोडले होते, ते लोंबत नव्हते. दोन्ही आवळलेले होते. शेवटच्या भोकाच्याही पुढे ओढून, चामड्याला सुरकुत्या पडेपर्यंत. ज्याच्याभोवती आवळले होते तिथे पलीकडचं गवत दिसत होतं. जे काही होतं ते छडीएवढं बारीक होतं.

ऑक्ताव्ह उठला. निदान उठायला गेला. त्याची एक टाच जमिनीवरून उचलली गेली, खाली आली. मग दुसरी. त्यानं दोन्ही हातांनी मांड्या दाबून धरल्या. हातांखाली मांड्या फिरत राहिल्या.

तसाच रांगत तो सायकलीपाशी गेला आणि पुढचं पायडल मुठीत घट्ट पकडलं. थांबलं ते. अगदी सहज थांबलं. आणि त्याच क्षणी त्याच्या छातीचं दार बंद झालं. हवा आत येईना, बाहेर जाईना. डोळ्यांपुढे मों काळा झाला. फोनमधून लेक विचारत होती, "पप्पा? पप्पा, काय झालं?" त्याला ऐकू येत होतं, तोंड उघडं होतं, त्यातून काही निघत नव्हतं.

मूठ आपोआप सुटली. पायडल फिरलं. हवा आली.

काही वेळ तो तिथेच उभा राहिला, पाय उचलत, पाय ठेवत, मांडवाबाहेर नाचणाऱ्या दारुड्यासारखा. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. बघायला कुणी नव्हतं. अशाच वाटा लोक मुद्दाम शोधत येतात.

मग त्यानं सोलांजचे बूट गवतातून उचलले, पुसले, आणि बांधाच्या दगडावर नीट जोडीनं ठेवले. ते तो बरोबर नेणार नव्हता. सायकल स्टँडवरून काढली. पाय फिरायचेच असतील तर घराकडे फिरू देत, त्यानं मनाशी म्हटलं. आलो त्याच वाटेनं. क्लोतिल्दचं स्टेशन लागेल, तिला म्हणू, तिकिटघरातली बायको आधीच घरी गेली. पेअरची झाडं लागतील. सोलांज उशाला टेकून बसली असेल, आणि पाय हलत असले तर असू देत, तिच्या पलंगाशेजारी बसून हलवू.

तो खोगिरावर बसला. मागे चामडं किर्र वाजलं.

"निघालात का, पप्पा?" नादेजनं विचारलं. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आई विचारतेय, किती वेळ लागेल?"

"निघालो," ऑक्ताव्ह म्हणाला. "सांग तिला."

त्यानं हँडल घराकडे वळवलं. हँडल वळलं. सायकल मोंखालच्या वाळूकडे सरळ गेली.